आशा करणाराचें क्रियापद

घरांतील लहान मूल 'मी काम करलें' असें म्हणालें कीं वडील माणसें हंसतात आणि 'बाळ, केलें म्हणावें' असें शिकवितात. तर्क पाहिला तर पक्ष बालकाचाच बळकट! 'भरणें'पासून 'भरलें', 'धरणें'पासून 'धरलें', तर 'करणें'पासून 'करलें' कां नको? हा बालन्याय जींत पूर्णपणें पाळला गेला आहे, त्या एस्पेरांतो भाषेच्या क्रियापदाचा परिचय आम्ही वाचकांस करून देत आहों.

या भाषेचे जनक डॉ. झामेनहोफ हे नेत्रवैद्य होते. ते १८५९ सालीं बियालिस्टोक येथें जन्मले. तेव्हां रशियन साम्राज्यांत असलेल्या त्या शहरीं रशियन, पोलिश, जर्मन व यिद्दिश बोलणारे शेजारी परस्परांकडे संशयानें पाहात. सर्वांस सारखी परकी व सारखी सोपी अशी एक भाषा द्यावी, या ध्यासानें त्यांनीं १८८७ सालीं वॉर्सा येथें आपलें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें.

'करणें' या अर्थाचा धातु 'फार' घ्या. वर्तमानकाळीं 'फारास', भूतकाळीं 'फारिस', भविष्यकाळीं 'फारोस'; संकेतार्थीं 'फारुस', आज्ञार्थीं 'फारू', व नुसतें 'करणें' म्हणजे 'फारी'. मी, तूं, ती, ते, कोणीहि कर्ता असो, रूप तेंच. आपण आंबा 'खाल्ला' व पोळी 'खाल्ली' म्हणतों. तेथें लिंगवचनाची ही दगदग नाहीं. अपवाद एकहि नाहीं. 'असणें' हें क्रियापदसुद्धां याच नियमानें चालतें.

कृदन्तांतहि तेच तीन स्वर येतात. 'कोन्स्त्रुआता' म्हणजे बांधलें जात असलेलें, 'कोन्स्त्रुइता' म्हणजे बांधून झालेलें, 'कोन्स्त्रुओता' म्हणजे बांधलें जावयाचें. परंतु एवढ्या सरळ नियमावरूनहि वाद माजलाच! 'हें घर अमुक सालीं बांधलें गेलें' असें सांगतांना 'आता' योजावें कीं 'इता'? क्रिया त्या काळीं घडत होती म्हणून 'आता', असें एक पक्ष म्हणे. ती पुरी झाली म्हणून 'इता', असें दुसरा. अखेर १९६७ सालीं एस्पेरांतोच्या अकादमीनें दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें निर्णय दिला. व्याकरण एकटा मनुष्य रचूं शकतो. अर्थाविषयींचें एकमत मात्र बोलणारांनींच मिळवावें लागतें, हें यावरून दिसून येईल.

झामेनहोफ यांनीं पहिल्या पुस्तकावर 'डॉक्टर एस्पेरांतो' असें टोपणनांव घातलें होतें; तेंच पुढें भाषेस चिकटलें. तेंहि एक कृदन्तच आहे: 'आशा करीत असलेला'. या भाषेच्या प्रसारास वाहून घेतलेली त्यांची कन्या लिडिया हिला १९४२ सालीं ट्रेब्लिंका येथील नाझी छळछावणींत ठार मारण्यांत आलें. तरी अनेक देशांतील माणसें आजहि ही भाषा बोलतात. पित्यानें नांवासाठीं पुरी झालेली क्रिया न निवडतां चालू असलेली निवडली, तें योग्यच झालें, असें आम्हांस वाटतें.