मुरुमांच्या गोळ्या चालू असताना खड्ड्यांवर उपचार कधी?

गाठी धरणाऱ्या हट्टी मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी त्वचेतील तैलग्रंथी आकसवते. मुरुमांच्या खड्ड्यांवरच्या डर्माब्रेशनमध्ये त्वचा घासल्यावर नवी कातडी बरीचशी याच ग्रंथी आणि केसांच्या मुळांपासून चढते. त्यात १९८०च्या दशकात या गोळ्या घेतलेल्या काही रुग्णांना डर्माब्रेशननंतर जाड, उठलेले व्रण झाले आणि गोळ्या बंद करून किमान ६ महिने थांबायचे, असा दंडक पडला.

२०१७ मध्ये अमेरिकेतील आणि भारतातील त्वचातज्ज्ञांनी पुरावे पुन्हा तपासले. सरसकट दंडक टिकला नाही. वरवरचे पील, मायक्रोनीडलिंग, फ्रॅक्शनल लेझर हे गोळ्या चालू असतानाही तज्ज्ञाच्या हातून करता येतात. यंत्राने घासणे आणि पूर्ण थर काढणारे लेझर मात्र टाळलेलेच बरे. नवे मुरूम येणे आधी आटोक्यात हवे, नाहीतर खड्डे भरता भरता नवे पडतात.

आसेगावसारख्या गावातून उपचारांसाठी वाशीम-अकोल्याला खेपा घालणाऱ्यांना खरा त्रास उन्हाचा. सावळ्या त्वचेवर उपचारानंतर उन्हाने काळे डाग लवकर पडतात. वऱ्हाडातल्या एप्रिल-मेपेक्षा दिवाळीनंतरचे महिने सोयीचे. डॉक्टर बदलल्यास गोळीचा डोस आणि शेवटच्या गोळीची तारीख असलेली चिठ्ठी सोबत न्यावी. गरोदरपणात हे औषध पूर्ण वर्ज्य. बंद केल्यावरही महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते.