नोकरीच्या अर्जाची घडण : लेखांक ६
पानावर दिसणारा रेझ्युमे आणि यंत्राला मिळणारा मजकूर

मोठ्या कंपन्यांकडे पाठवलेला रेझ्युमे माणसाच्या नजरेस पडण्याआधी बहुधा एका संगणकीय प्रणालीतून जातो. एटीएस या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही प्रणाली आलेल्या फाइलमधील मजकूर बाहेर काढते आणि त्यातून नाव, दूरध्वनी क्रमांक, शिक्षण, नोकऱ्यांचा कालावधी व कौशल्ये ओळखून ती स्वतंत्र रकान्यांत भरते. या क्रियेला पार्सिंग म्हणतात. यंत्र मांडणी पाहून रेझ्युमे परस्पर फेटाळते, हा समज मात्र फारसा खरा नाही. थेट नकार मिळतो तो बहुतांशी अर्जासोबत विचारलेल्या अनुभव, पात्रता यांसारख्या प्रश्नांच्या उत्तरांवरून. मांडणीमुळे होणारे नुकसान अधिक अदृश्य असते, कारण माहिती चुकीच्या रकान्यात पडली की भरती अधिकाऱ्याने घेतलेल्या शोधात योग्य उमेदवाराचे नाव वर येतच नाही, आणि असे झाल्याचे त्या उमेदवाराला कधी कळतही नाही.

हे का घडते, याचे उत्तर फाइलच्या रचनेत आहे. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेले आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले पीडीएफ हे स्वरूप, कोणत्याही संगणकावर व छपाई यंत्रावर पान सारखेच दिसावे, या हेतूने घडवले गेले. त्यामुळे कोणते अक्षरचिन्ह पानावर नेमके कोठे उमटवायचे याची नोंद त्यात असतेच, पण परिच्छेद कोठे संपला किंवा कोणता स्तंभ आधी वाचायचा याची नोंद असेलच असे नाही. डाव्या स्तंभात ‘टॅली, एक्सेल’ आणि उजव्या स्तंभात ‘लेखा सहायक, २०१९ ते २०२२’ असे लिहिलेले असेल, तर डोळा दोन्ही वेगळे वाचतो, परंतु आडव्या ओळीने वाचणारी प्रणाली त्यांची एकच ओळ करू शकते. वर्डच्या फाइलमध्ये वेगळी अडचण असते : तेथे पानाच्या माथ्यावरील व तळाशी असलेल्या पट्ट्या मुख्य मजकुरापासून वेगळ्या भागात साठवल्या जातात, आणि काही प्रणाली तो भाग वाचतच नाहीत, म्हणून शोभेसाठी वरच्या पट्टीत बसवलेला दूरध्वनी क्रमांक हरवण्याची शक्यता असते. कौशल्यांपुढे काढलेल्या चांदण्या आणि रंगीत पट्ट्या तर यंत्राला काहीच सांगत नाहीत. वाचणाऱ्या माणसालाही त्या फारसे सांगत नाहीत, कारण पाचपैकी चार चांदण्या कोणत्या मापाने दिल्या, हे कोणालाच ठाऊक नसते.

वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, शाळा किंवा भाषांतराची कामे यांसाठी मराठीत रेझ्युमे लिहिणाऱ्यांपुढील प्रश्न याहून बिकट आहे आणि त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार चढवलेले असतात. त्यात टंकलेला ‘राम’ हा शब्द पानावर शुद्ध दिसला, तरी फाइलमध्ये जे, के, ई ही तीन रोमन अक्षरेच असतात, आणि यंत्राला तेवढीच मिळतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा संकेतांक असल्याने हा घोटाळा टळतो, तथापि पीडीएफ करताना तो दुसऱ्या वाटेने परत येऊ शकतो. ‘शिक्षण’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये ‘श’नंतर साठवली जाते, पण पानावर ती ‘श’च्या आधी उमटते, आणि ‘क्ष’ हे जोडाक्षर तीन संकेतांकांचे मिळून एकच चिन्ह होते. चिन्हांवरून मूळ संकेतांकांकडे परतण्याचा तक्ता फाइलमध्ये अपुरा असला की शब्द मोडून बाहेर पडतो. म्हणून मराठी रेझ्युमे युनिकोडमध्येच लिहावा आणि मुभा असेल तेथे वर्डच्या फाइलमध्ये पाठवावा. देवनागरी अंकांचे संकेतांकही वेगळे असल्यामुळे भ्रमणध्वनी क्रमांक इंग्रजी अंकांत देणे सुरक्षित ठरते. गुणपत्रिकेतील सवयीने आडनाव आधी लिहिल्यास तेच पहिले नाव म्हणून नोंदले जाण्याचा संभव असतो, तेव्हा नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम ठेवावा.

उरलेली पथ्ये साधी आहेत. एकच स्तंभ, ‘शिक्षण’, ‘अनुभव’, ‘कौशल्ये’ अशी सर्वपरिचित शीर्षके, सर्वत्र एकाच पद्धतीने लिहिलेले महिना व वर्ष, अलीकडची नोकरी सर्वांत वर, आणि पदवीचे पूर्ण नाव व संक्षेप दोन्ही, कारण शोध घेणारा त्यांपैकी कोणता शब्द वापरेल हे आधी सांगता येत नाही. जाहिरातीतील शब्द पांढऱ्या रंगात लपवून भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अप्रामाणिक तर आहेच, शिवाय काढलेल्या मजकुरात रंग उरत नसल्याने ते शब्द अधिकाऱ्यासमोर उघडे पडतात.

रेझ्युमे पाठवण्यापूर्वी त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. फाइल उघडून सारा मजकूर निवडावा, त्याची नक्कल नोटपॅडसारख्या साध्या लेखन-साधनात उतरवावी आणि ती वरपासून खालपर्यंत वाचावी. तेथे क्रम बिघडलेला, क्रमांक गळालेला किंवा वेलांटी भरकटलेली आढळली, तर प्रणालीच्या हाती बहुधा असाच मजकूर पडेल असे समजून मूळ मांडणी दुरुस्त करावी. मजकूर मुळीच निवडता आला नाही, तर ते पान म्हणजे केवळ एक चित्र आहे आणि रेझ्युमे मूळ फाइलमधून पुन्हा तयार करणे आवश्यक आहे.