बर्फाखालचा समुद्र

रात्री दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला गुरूचा तारा दाखवावा लागत नाही. इतर चांदण्या लुकलुकतात. हा मात्र शांत, ठळक तेवत असतो. या गुरूच्या पदरी अनेक चंद्र आहेत. त्यांतल्या एकाची ही हकिगत.

१६१० सालच्या जानेवारीत इटलीतील गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरूकडे वळवली, तेव्हा त्याला चार चंद्र दिसले. त्यांतलाच एक युरोपा. आपल्या चंद्राहून किंचित लहान आणि वरून सगळा बर्फाचा. १९७९ साली व्हॉयेजर यानांनी त्याची छायाचित्रे पाठवली. त्यांत उन्हाळ्यात तळ्याचा गाळ भेगाळावा, तशा लांबच लांब चिरा दिसल्या. पुढे गॅलिलिओ याच नावाच्या यानाने केलेल्या मोजमापांवरून शास्त्रज्ञांनी अनुमान काढले, की बर्फाखाली खारा समुद्र असावा. त्यातले पाणी पृथ्वीवरच्या सर्व समुद्रांच्या सुमारे दुप्पट भरेल!

तुम्ही म्हणाल, वर उणे १६० अंशांची थंडी. मग आतले पाणी गोठत कसे नाही? कुंपणाची तार एकाच जागी खाली-वर वाकवून पाहा. ती जागा हाताला गरम लागते. युरोपा साडेतीन दिवसांत गुरूला फेरी घालतो. वाट किंचित लंबगोल असल्याने गुरूची ओढ कमी-जास्त होते, त्याचे अंग सतत ताणले-दाबले जाते आणि आत ऊब राहते.

जिथे पाणी आणि ऊब, तिथे जीव असेल काय? श्रीलंकेत स्थायिक झालेले इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यांनी १९८२ सालच्या ‘२०१०: ओडिसी टू’ या कादंबरीत युरोपावर जीव कल्पिले. तिथे माणसाने उतरू नये, अशी ताकीदही त्या गोष्टीत मिळते.

पुढे प्रत्यक्षातही माणसाने असाच विवेक दाखवला. गॅलिलिओ यानाचे इंधन संपत आले होते. ते भरकटून युरोपावर आदळले असते, तर पृथ्वीवरचे जंतू तिथे पोचण्याची भीती होती. म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून नष्ट केले. रोगट बेणे निरोगी रानात नेऊ नये, हे आपण जाणतोच. इथे तर त्या रानात काही उगवले आहे की नाही, हेही कुणी पाहिलेले नव्हते. तरी त्याची काळजी घेतली गेली.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने ‘युरोपा क्लिपर’ हे यान सोडले आहे. २०३० साली ते गुरूपाशी पोचेल. युरोपावर न उतरता, त्याच्या जवळून सुमारे ४९ वेळा जाऊन, तिथे जीव तगू शकेल का, याची ते पाहणी करील.

तोवर एखाद्या शाळेत दुर्बीण असेल, तर मुलांना गुरू जरूर दाखवा. शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. त्यांतल्याच एका ठिपक्याच्या पोटात समुद्र असावा, एवढे त्यांना सांगा. पुढचे प्रश्न तीच विचारतील.