दौलताबादचा हौद आणि परदेशीची शिष्यवृत्ती

सन 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. दिवस रमजानचे होते. प्रवासाची धूळ घालविण्यासाठी मंडळींनी दरवाजाबाहेरील हौदावर हातपाय धुतले, तोच पाणी बाटविल्याचा गिल्ला करीत स्थानिक मुसलमानांचा जमाव धावून आला. अखेर, आत कोठेही पाण्यास शिवणार नाही या अटीवर आणि एक सशस्त्र शिपाई बरोबर देऊन त्यांना किल्ल्यात सोडण्यात आले. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच, असा या प्रसंगाचा अर्थ बाबासाहेबांनी नमूद करून ठेवला आहे.

ज्यांच्या स्पर्शाने हौद बाटला ते कोलंबिया व लंडन या दोन विद्यापीठांचे डॉक्टर होते. मग परदेशी विद्येने काय साधले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच वाटेवर, अवघ्या काही मैलांवर, तेव्हाच्या औरंगाबादेत मिळते. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची वानवा असताना बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये तेथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. एका विद्यार्थ्यावर झालेला खर्च असा हजारोंच्या पदरात पडला.

हा खर्च कोणी केला? सयाजीराव महाराजांच्या बडोदे सरकारने 1913 मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. या शिष्यवृत्तीवर तरुण भीमराव न्यूयॉर्कला व तेथून लंडनला पोहोचले. परंतु 1917 मध्ये मुदत सरली आणि लंडनचा अभ्यास अर्धाच टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेला पैसा, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, एवढ्या आधारावर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. प्रज्ञा तीच होती, परिश्रमही तेच होते. तीन वर्षे खोळंबली ती केवळ पैशापायी. अशा प्रसंगी जवळ मित्र व महाराज असणे, हे किती जणांच्या भाग्यी असते?

आज संस्थाने नाहीत; त्यांची जागा सरकारने घेतली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला 125 जागा आहेत, तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकार अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी पाठविते. योजना स्तुत्य आहेत, यात शंका नाही. तथापि 2025 च्या जुलैमध्ये केंद्राच्या यादीतील 106 विद्यार्थ्यांपैकी आरंभी केवळ 40 जणांच्या हाती तात्पुरती मंजुरीपत्रे पडली. उरलेल्यांना निधी उपलब्ध होईपर्यंत थांबण्यास सांगण्यात आले.

परदेशी विद्यापीठे मात्र कोणासाठी थांबत नाहीत. प्रवेश राखण्यासाठी अनामत मागतात. व्हिसासाठी खर्चाची तरतूद दाखवावी लागते, आणि शिष्यवृत्तीधारकापाशी ती दाखविण्याचे साधन म्हणजे हेच मंजुरीपत्र. ज्याच्या बापापाशी तारण ठेवण्याजोगे घर वा बागायत आहे, तो बँकेचे कर्ज काढून निभावून नेईल. मराठवाड्यातील भूमिहीन मजुराच्या मुलाने काय तारण ठेवावे? उशिरा आलेली शिष्यवृत्ती त्याच्या लेखी नाकारलेल्या शिष्यवृत्तीसारखीच होय.

म्हणून मागणे साधे आहे. निधीची तरतूद निवडीच्या आधी व्हावी. मंजुरीपत्रे परदेशी प्रवेशाच्या वेळापत्रकास धरून निघावीत. अनामतीची रक्कम सरकारने आगाऊ द्यावी. आणि अभ्यासक्रम जितका लांब तितकी शिष्यवृत्तीची मुदत असावी. ज्यांच्या घरी वडिलार्जित शिल्लक नाही, अशांच्या गुणांवर विश्वास टाकायचा तर तो अर्ध्या वाटेत काढून घेण्याचा अधिकार सरकारला नाही. शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे. पिढ्यान्पिढ्या ज्यांना विद्येपासून दूर ठेवले, त्यांचे ते समाजाकडील येणे आहे, आणि येणे वेळेवर चुकते करायचे असते.