घड्याळ ‘पुढे आहे’ की ‘पुढे जातं’?

बुद्धिमत्ता चाचणीचा सराव करताना घड्याळाचं गणित आलं की बरीच मुलं ते शेवटी सोडवू म्हणून बाजूला ठेवतात. खरं तर त्यातली आकडेमोड पाचवीच्या मुलाला जमेल इतकीच असते. तरी उत्तर दोन-अडीच मिनिटांनी हुकतं, आणि ते हुकलेलं उत्तरही पर्यायांत दिसलं की मूल निर्धास्तपणे त्यावर खूण करतं. अशा वेळी दोष पाढ्यांचा नसतो. प्रश्न वाचतानाच काही चुकीचे समज मनात बसलेले असतात. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : घड्याळ ‘पुढे आहे’ म्हणजेच ते ‘पुढे जातं’.

वस्तुस्थिती : बोलताना आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो, गणितात मात्र ते अगदी वेगळे आहेत. सकाळी उशीर होऊ नये म्हणून कित्येक घरांत भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं. ते आज दहा मिनिटं पुढे आहे आणि महिन्यानंतरही दहाच मिनिटं पुढे असेल. त्याची चाल बरोबर आहे, फक्त वेळ पुढची लावली आहे. भारतात १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. पण इतकी वर्षं ३९ च मिनिटं मागे, कारण मुंबईचा तासही ६० मिनिटांचाच होता.

ताशी ५ मिनिटं ‘पुढे जाणारं’ घड्याळ मात्र एका तासानंतर ५, दोन तासांनंतर १०, तीन तासांनंतर १५ मिनिटं पुढे असतं. इथे फरक वाढत जातो, कारण चालच चुकीची आहे. म्हणून प्रश्न वाचताना सगळ्यांत आधी ‘आहे’ किंवा ‘जातं’ या शब्दाखाली रेघ ओढावी.

गैरसमज २ : घड्याळात दिसणाऱ्या तासांवरून पुढे गेलेली मिनिटं काढून वजा केली की खरी वेळ मिळते.

वस्तुस्थिती : सगळ्यांत जास्त गुण इथेच जातात. हे उदाहरण पाहा. एक घड्याळ सकाळी ८ वाजता बरोबर लावलं. ते ताशी ५ मिनिटं पुढे जातं. दुपारी त्यात अडीच वाजलेले दिसले, तर खरी वेळ कोणती?

बहुतेक मुलं असं करतात : आठ ते अडीच म्हणजे साडेसहा तास. साडेसहा गुणिले ५ म्हणजे साडेबत्तीस मिनिटं. ती अडीचमधून वजा केली की १ वाजून ५७ मिनिटं ३० सेकंद. हे उत्तर चूक आहे.

‘ताशी ५ मिनिटं’ यातला तास कुणाचा? खरा तास. आणि ‘साडेसहा तास’ कुणाचे? त्या चुकार घड्याळाचे. दोन वेगळ्या मापांचे तास एकाच गुणाकारात घातले, म्हणून उत्तर बिघडलं.

आता वहीत दोन रकाने आखा. डावीकडे लिहा ‘खरी मिनिटं’, उजवीकडे ‘घड्याळाची मिनिटं’. पहिल्या ओळीत डावीकडे ६०, उजवीकडे ६५. घड्याळात साडेसहा तास गेले, म्हणजे ३९० मिनिटं. हा आकडा उजवीकडेच लिहायचा. ३९० भागिले ६५ म्हणजे ६. मग डावीकडे ६ गुणिले ६०, म्हणजे ३६० मिनिटं, म्हणजेच सहा तास. खरी वेळ दुपारचे २.

पडताळा घ्या : सहा खऱ्या तासांत घड्याळ ६ गुणिले ५, म्हणजे ३० मिनिटं पुढे गेलं. दोनला अडीच दिसले. जुळलं.

प्रश्न उलटा असेल, म्हणजे खरी वेळ देऊन घड्याळात किती वाजलेले दिसतील असं विचारलं असेल, तर मात्र सरळ गुणाकार करून मिनिटं मिळवणं बरोबर आहे. पद्धत कोणती, हे कोणती वेळ दिली आहे त्यावर ठरतं.

गैरसमज ३ : ताशी ५ मिनिटं पुढे जाणं आणि ताशी ५ मिनिटं मागे पडणं, दोन्हींत चूक सारखीच.

वस्तुस्थिती : दोन्ही घड्याळं दुपारी १२ ला बरोबर लावा. रात्री प्रत्येकात ११ वाजून ५५ मिनिटं दिसतील तेव्हा त्या-त्या घड्याळात ७१५ मिनिटं झालेली असतील. पुढे जाणाऱ्यासाठी ७१५ भागिले ६५ म्हणजे ११ तास. तेव्हा खरे रात्रीचे ११ वाजलेले असतात. मागे पडणारं घड्याळ ६० खऱ्या मिनिटांत ५५ च मिनिटं दाखवतं, म्हणून ७१५ भागिले ५५ म्हणजे १३ तास. तेव्हा खरा रात्रीचा १ वाजलेला असतो. एकाची चूक ५५ मिनिटांची, दुसऱ्याची ६५ मिनिटांची.

गैरसमज ४ : आधी २ मिनिटं मागे, नंतर ५ मिनिटं पुढे, म्हणजे फरक ३ मिनिटांचा.

वस्तुस्थिती : फरक ७ मिनिटांचा. मागे असलेल्या घड्याळाला आधी २ मिनिटं भरून काढावी लागतात, मग ते ५ मिनिटं पुढे जातं. सोमवारी सकाळी ८ ला २ मिनिटं मागे असलेलं घड्याळ एकसारखं चालून पुढच्या सोमवारी सकाळी ८ ला ५ मिनिटं पुढे दिसलं, तर ७ दिवसांत ७ मिनिटं, म्हणजे रोज १ मिनिट. पहिली २ मिनिटं दोन दिवसांत भरून निघतात. म्हणून घड्याळाने बरोबर वेळ दाखवली ती बुधवारी सकाळी ८ वाजता.

गैरसमज ५ : दोन घड्याळांची वेळ जुळली, म्हणजे दोन्ही बरोबर.

वस्तुस्थिती : एक घड्याळ रोज १ मिनिट पुढे जातं, दुसरं रोज २ मिनिटं मागे पडतं. दोन्ही एका दुपारी १२ ला बरोबर लावली. त्यांच्यातलं अंतर रोज ३ मिनिटांनी वाढतं. काट्यांच्या घड्याळाची तबकडी १२ तासांची, म्हणून ७२० मिनिटांचं अंतर पडलं की दोन्ही पुन्हा एकच वेळ दाखवतात. ७२० भागिले ३, म्हणजे २४० दिवसांनी. पण त्या दुपारी १२ ला पहिलं ४ तास पुढे असतं आणि दुसरं ८ तास मागे. दोघांतही चार वाजलेले असतात, आणि दोन्ही चूक असतात. पहिलं ७२० दिवसांनी बरोबर होतं, दुसरं ३६० दिवसांनी. म्हणून दोन्ही एकाच वेळी बरोबर होतात ती ७२० दिवसांनी.

मुलांना सूत्र पाठ करायला लावण्याआधी पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना एकच प्रश्न विचारायची सवय लावावी : ‘हा तास कुणाचा, खरा की घड्याळाचा?’ आणि खूण करण्याआधी आलेली खरी वेळ धरून पुन्हा घड्याळातल्या वेळेपर्यंत येऊन पाहावं. जुळली तरच उत्तर बरोबर.