मागच्या तारेचा पहारा

सकाळी 9:30. दवाखाना उघडतो न उघडतो तोच फोन. "डॉक्टर, मागची तार जिभेला टोचतेय. काल मक्याचं कणीस खाल्लं होतं." या म्हटलं, लगेच. टोचणाऱ्या तारेची मला फारशी काळजी नसते. तिचा पेशंट आपण होऊन येतो.

10:00. पुढचे ब्रॅकेट उतरवलेली कॉलेजातली मुलगी. खालच्या सहा दातांना, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, आतून पिळाची बारीक तार चिकटवायची. तार दातांना नुसती टेकली पाहिजे. बोटाने दाबून बसवली, तर तिच्यात राहिलेला ताण पुढे दात हलवतो. ॲसिडची जेल लावून धुतली, वाळवल्यावर दात खडूसारखा पांढरा दिसला. तेवढ्यात जीभ लागली. झालं, पुन्हा पहिल्यापासून! इथे थुंकीचा थेंब राहिला तर तार चिकटवणारं कॉम्पोझिट धरत नाही, आणि सुटणाऱ्या तारा बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच सुटतात.

वडील विचारतात, "किती वर्षं ठेवायची?" सिएटलचे ऑर्थोडॉन्टिस्ट लिटल यांनी 1981 मध्ये 65 जुने पेशंट तपासले होते. दात जागेवर धरणारे रिटेनर बंद होऊन निदान दहा वर्षं झालेली. सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे दात पुन्हा वाकडे. मी म्हणते, "दात सरळ हवेत तोवर. पण दरवर्षी दाखवायला यायचं."

11:15. बँकेतल्या बाई, तार बसवून बरीच वर्षं झालेली. "त्रास काहीच नाही हो, हिरडी जरा खाली गेलीय." आरसा घातला. तार अखंड, कॉम्पोझिटचे सहाही ठिपके जागेवर. तरीही एका दाताचं मूळ ओठाच्या बाजूला सरकलेलं, त्यावरची हिरडी उतरलेली, शेजारचे दात जागच्या जागी. पिळाची तार कधी कधी न तुटताही अशी दात फिरवते. का, याची खात्रीची उकल अजून नाही; प्रकार विरळा, पण ओळखायला उशीर झाला तर महागात पडतो. आधी तार काढली. आता स्कॅन, मग मूळ हाडात परत आणायला पुन्हा ब्रेसेस आणि नंतर कदाचित हिरडीचं कलम. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आणि मी समजत होते, माझं सगळं संपलं."

1:00. टार्टर काढणं. लाळग्रंथींच्या नळ्या जिभेखाली, बरोबर या दातांमागे उघडतात, म्हणून लाळेतला चुना इथेच आधी बसतो. तारेने त्याला आयती वळचण मिळते. आजच्या गृहस्थांची तार तर दिसतच नव्हती. स्केलरचं टोक ठिपक्याला न लागू देता एकेक खपली काढली. खालची हिरडी लालभडक, हात लावताच रक्त. पण म्हणून तारेला दोष देऊन मोकळं होता येत नाही. 2008 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात वीसेक वर्षं खालच्या दातांमागे तार वागवणाऱ्यांच्या हिरड्या इतरांपेक्षा वाईट आढळल्या नाहीत. (अभ्यासातल्यांना निदान कुणीतरी बोलावून तपासलं, हेही खरंच.) तारेखालून सुपरफ्लॉस कसा ओवायचा ते दाखवलं. पहिल्यांदा सगळ्यांनाच ते वैताग वाटतं.

4:30. शाळा सुटली. रबरांचे रंग निवडण्यात तासभर.

6:00. वरच्या दातांची तार पुन्हा सुटलेला तरुण. खालचे दात चावताना नेमके तारेवरच आपटतात. चिकटवत राहण्यात अर्थ नाही. काढून टाकली, रात्री घालायची पारदर्शक प्लेट देणार.

8:00. तपासणीला न आलेल्यांना फोन. निम्मे नंबर बदललेले. बंगळुरूची एक मुलगी भेटली: "दुखत नाही काही, छान आहे." तोंड उघडून फोटो पाठव म्हटलं. आला, जरा धूसर. तिसऱ्या दातावरचा ठिपका गेलेला, दात किंचित पुढे आलेला. याच आठवड्यात तिथल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा, असं लिहिलं आणि तार बसवली तेव्हाचे फोटो सोबत जोडले.