इतिहासाला अर्थ कोण देतो?

इतिहास हा विषय सनावळ्यांमुळे आपल्या विद्यार्थ्यांना कंटाळवाणा वाटतो. अमुक लढाई अमुक साली झाली, हे पाठ केले की गुण मिळतात. परंतु सन पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे. ती घटना का घडली, ती कोणी घडवली आणि पुढच्या घटनांना तिने काही दिशा दिली काय, हे विचारले म्हणजे इतिहासाला सुरुवात होते. या प्रश्नांची उत्तरे धर्मपंडितांनी एका तऱ्हेने दिली आणि इहवादी विचारवंतांनी दुसऱ्या तऱ्हेने. हा वाद केवळ विद्यापीठातल्या लोकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. "आपल्या नशिबातच तसे होते" असे म्हणणारे म्हातारे गृहस्थ आणि "पैशाशिवाय जगात काहीच बदलत नाही" असे म्हणणारा तरुण, हे दोघेही आपापल्या परीने इतिहासाचा अर्थच सांगत असतात. पहिल्याचे खरे मानले तर १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाला काही अर्थ उरत नाही. दुसऱ्याचे संपूर्ण खरे मानले तरीही फारसा उरत नाही. म्हणून या वादात आपणांस लक्ष घालणे भाग आहे.

या विषयावर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात १८ जानेवारी १९४३ रोजी केलेले भाषण पायाभूत मानावे लागेल. निमित्त न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१ व्या जयंतीचे होते आणि पुढे ते 'रानडे, गांधी आणि जीना' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हे भाषण गांधी-जीनांवरील टीकेसाठी वाचले जाते. त्याच्या आरंभीचा भाग मात्र बहुतेक लोक ओलांडून जातात. त्या भागात बाबासाहेबांनी, थोर माणूस इतिहास घडवतो काय, असा प्रश्न उपस्थित करून तीन जुनी उत्तरे तपासली आहेत.

पहिले उत्तर संत ऑगस्टीनचे. इसवी सन ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले, तेव्हा सारे ख्रिस्ती जग हादरले. त्यानंतर ऑगस्टीनने असे प्रतिपादन केले की, इतिहास ही ईश्वराची योजना आहे. युद्धे, दुःखे, राज्यांचे उदयास्त हे सर्व त्या योजनेचे टप्पे असून अखेरच्या न्यायाच्या दिवशी ती पूर्ण होईल. दुसरे उत्तर बकल या इंग्रज इतिहासकाराचे. हवामान, जमीन, अन्न आणि निसर्ग हेच इतिहास घडवतात, असे त्याचे मत. तिसरे उत्तर कार्ल मार्क्सचे, म्हणजे इतिहास आर्थिक शक्तींचा परिणाम आहे हे.

बकलबद्दल येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण तो आपल्या भागाशी संबंधित आहे. हिंदुस्थानातील लोक गरीब व दबलेले का राहिले, याचे एक कारण त्याने तांदूळ हे दिले होते! तांदूळ स्वस्त, म्हणून लोकसंख्या फार, म्हणून मजुरी कमी, म्हणून थोडे धनवान आणि बाकीचे दास, अशी त्याची साखळी. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. आपण सगळे भात खाणारे. बकलचे गणित बरोबर असते तर येथील माणसाने कधी मान वर काढायलाच नको होती.

बाबासाहेबांनी ऑगस्टीनचे उत्तर फार वेळ न दवडता बाजूला ठेवले. बकल आणि मार्क्स यांना मात्र त्यांनी तसे झटकून टाकले नाही. निसर्ग आणि अर्थकारण या मोठ्या शक्ती आहेत, परंतु ते पूर्ण सत्य नव्हे, असे ते म्हणाले. त्यासाठी त्यांनी गारगोटीचा दृष्टान्त दिला. गारगोटी असल्याशिवाय ठिणगी पडत नाही हे खरे, पण गारगोटीवर गारगोटी घासायला माणूसच लागतो. परिस्थिती साधन पुरवते, त्या साधनाचे काय करायचे हे माणूस ठरवतो. तेरा वर्षांनी बुद्धाकडे जाणाऱ्या माणसाची ही भूमिका आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या भाषणाचे महत्त्व कळते.

आता हेच प्रश्न तथागतांनी कसे हाताळले ते पाहू. अंगुत्तरनिकायाच्या तिक निपातात तित्थ नावाचे सुत्त आहे. त्यात तीन मतांचा उल्लेख येतो. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे एक मत. सर्व ईश्वरनिर्मित आहे, हे दुसरे. कशालाच काही कारण नाही, हे तिसरे. भगवंतांनी तिन्ही मते नाकारली. नाकारण्याचे कारण मोठे मार्मिक आहे. ही मते धरून बसणाऱ्याच्या ठायी 'हे करावे, हे करू नये' अशी इच्छाही राहत नाही आणि प्रयत्नही राहत नाही. म्हणजे पूर्वकर्म, ईश्वर आणि योगायोग या तिघांनाही एकाच दोषासाठी बाद केले आहे, आणि तो दोष म्हणजे माणसाला निष्क्रिय करणे. गेल्या जन्मीच्या पापामुळे अमुक जातीत जन्म आला, असे ज्यांना शतकानुशतके ऐकवले गेले, त्यांना या सुत्ताचे मोल वेगळे सांगायला नको.

मग समाजात बदल होतो कशाने? दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात याचे उत्तर कथारूपाने आले आहे, आणि ती कथा धानाचीच आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण संघात येऊ इच्छितात. ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मलेल्यांनी मुंडितांत जावे काय, म्हणून त्यांचे जातवाले त्यांना शिव्या देतात. तेव्हा भगवान त्यांना सांगतात की, आरंभी साळी आपोआप उगवत होती. तिला कोंडा नव्हता, तूस नव्हते. संध्याकाळी कापावी तर सकाळी पुन्हा उगवलेली असे. लोक लागेल तेवढी आणीत. एका आळशाने दोन वेळची एकदम आणली. दुसऱ्याने दोन दिवसांची, तिसऱ्याने चार दिवसांची, चौथ्याने आठ दिवसांची. साठा सुरू झाला तशी साळीला तूस आले आणि कापलेली पुन्हा उगवेना. मग बांध घातले गेले, शेते वाटली गेली. एकाने दुसऱ्याच्या वाट्याचे धान चोरले, खोटे बोलणे आले, काठ्या उगारल्या गेल्या. तेव्हा लोकांनी आपल्यातूनच एकाला न्यायासाठी निवडले आणि त्याला आपल्या धानाचा वाटा देण्याचे कबूल केले. तो महासंमत, म्हणजे सर्वांनी मान्य केलेला. ब्राह्मण, वैश्य, शूद्र हेही त्याच लोकांतून, आपापल्या कामावरून वेगळे झाले. कोणी कोणाच्या मुखातून किंवा पायातून आला नाही.

याच निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त आणखी पुढे जाते. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीच्या शिक्षेतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य, अशी साखळी तेथे सांगितली आहे. वाचताना एखाद्याला मार्क्सची आठवण व्हावी. परंतु फरक असा की ही घसरण आपोआप थांबत नाही आणि रक्तपातानेही थांबत नाही. हत्येला कंटाळलेले लोक एकत्र येऊन हत्या न करण्याचा निश्चय करतात, तेथून समाज पुन्हा वर येऊ लागतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली, तिचा गाभाही हाच होता. दुःख दूर करण्याचे ध्येय दोघांचेही आहे. वाद आहे तो मार्गाचा, हिंसा आणि हुकूमशाहीचा.

महाराष्ट्रात इतिहासाचा अर्थ लावण्याचा वाद शंभर-सव्वाशे वर्षांहून जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त विष्णूच्या अवतारकथा घेतल्या आणि त्यांचा अर्थ उलटा केला. अवतार म्हणजे ईश्वरी लीला नव्हे, बाहेरून आलेल्या आर्यांच्या स्वाऱ्या, आणि बळीराजा हा येथील रयतेचा राजा, अशी त्यांची मांडणी. न्यायमूर्ती रानडे हे प्रार्थना समाजाचे आस्तिक. इतिहासात त्यांना ईश्वरी हेतू दिसे, परंतु मराठी सत्तेच्या उदयाचे कारण सांगताना त्यांनी संतांनी घडवलेल्या सामाजिक जागृतीवर बोट ठेवले. राजवाड्यांना ते पटले नाही. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त रानड्यांच्या या मुद्द्याशी जुळणारीच मांडणी केली: शिवाजी महाराजांच्या आधी संत, चंद्रगुप्ताच्या आधी बुद्ध. आधी मने बदलतात, मग राज्ये. केवळ अर्थकारणाकडे पाहणाऱ्या समाजवाद्यांना दिलेले ते उत्तर होते.

या सर्व दृष्टींची खरी कसोटी एका प्रश्नावर लागते. धम्म भारतातून नाहीसा कसा झाला? पुराणे सांगतात की विष्णूने असुरांना भुलवण्यासाठी बुद्धावतार घेतला. म्हणजे धम्माचा उदय हीच फसवणूक, मग अस्ताचे कारण शोधायलाच नको. परंतु आपल्या परंपरेतही असे एक उत्तर आहे, ते लपवू नये. विनयपिटकात असे भाकीत आले आहे की, स्त्रियांना संघात घेतल्यामुळे सद्धम्म हजार वर्षांऐवजी पाचशेच वर्षे टिकेल. हे भाकीत बुद्धवचन म्हणून डोळे मिटून स्वीकारणे म्हणजे धम्माच्या ऱ्हासाचा दोष महाप्रजापती गौतमीच्या माथी मारणे होय. मला ते मान्य नाही.

गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी इहवादी उत्तर दिले. त्यांचा भारतीय इतिहासावरील ग्रंथ १९५६ सालीच प्रसिद्ध झाला, हा योगायोग. कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी घाटातल्या व्यापारी मार्गांवर आहेत हे त्यांनी पायी हिंडून दाखवले. शेती आणि व्यापार वाढला तेव्हा यज्ञातील पशुहत्या परवडेनाशी झाली आणि अहिंसेचा धम्म पसरला. पुढे विहार धनाढ्य झाले, व्यापार बसला, संघ सामान्य माणसापासून दूर गेला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे पालीचे थोर पंडित. ४ जून १९४७ रोजी त्यांचे सेवाग्राम येथे निधन झाले. रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा धर्मानंदांनी नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या तंट्याकडे लक्ष वेधले. रोहिणीच्या पाण्यावरून झालेला हाच तंटा बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून येतो. कोसंबी पितापुत्रांपैकी एक श्रद्धेच्या बाजूने आला, एक मार्क्सच्या बाजूने. दोघांनीही चमत्कार बाजूला सारून कारण शोधले.

बाबासाहेबांचे स्वतःचे उत्तर 'क्रांती आणि प्रतिक्रांती' या अपुऱ्या राहिलेल्या लेखनात आहे. महाराष्ट्र शासनाने ते १९८७ मध्ये तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. धम्म ही क्रांती, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १८५ मध्ये पुष्यमित्र शुंगाने बृहद्रथ मौर्याला मारून राज्य घेतले ती प्रतिक्रांती. यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असला पाहिजे. भरहुतच्या तोरणावरील लेखात शुंगांच्या राज्याचा उल्लेख आहे आणि सांचीचा स्तूप त्याच काळात वाढवला गेला. मग छळ कोठे झाला? मला वाटते, या पुराव्याने प्रतिक्रांतीचा सिद्धांत मोडत नाही, परंतु त्याचा रोख बदलतो. स्तूप उपासकांच्या दानावर उभे राहत, राजाच्या मर्जीवर नव्हे. आपल्याच वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, तेथे जगन्नाथ टेकडीत स्तूप निघाला आणि दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत मिळाली. प्रतिक्रांती स्तूप पाडण्यात कमी आणि स्मृतिग्रंथांत जास्त शोधावी लागेल.

पवनीला मुचलिंद नागाचे शिल्पही नावासह मिळाले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर निवडण्याचे कारण नाग लोकांचा धम्मप्रसार हे सांगितले होते. म्हणून काही वक्ते पवनीचे शिल्प दाखवून विषय संपवतात. तसे करू नये. मुचलिंद हा भगवंतांवर फणा धरणाऱ्या नागाच्या कथेतला आहे. त्यावरून येथे नाग लोक राहत होते एवढे सिद्ध होत नाही. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड बांधव पारी कुपार लिंगोच्या स्मरणार्थ जमतात. त्यांनाही आपली परंपरा आणि पुरावा यांचा हिशोब असाच वेगवेगळा ठेवावा लागतो. श्रद्धेचा मान राखावा, पण तिला शिलालेख म्हणू नये.

नागपूरच का, याला दुसरेही उत्तर आहे. तेथे रेल्वे आली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. विदर्भातील आपले लोक कापड विणीत, गिरणीत जात. गावकीच्या बलुत्याबाहेरचा पैसा हाती आला, म्हणून १९२० ची परिषद आणि जुलै १९४२ चे अधिवेशन तेथे भरू शकले. हे मार्क्सचे उत्तर म्हणा. ते खोटे नाही. परंतु मुंबईत गिरण्या त्याहून कितीतरी अधिक होत्या. आणि १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत, ज्या जिल्ह्यात तेव्हा गोंदिया होते, बाबासाहेब पराभूत झाले. सत्ता, पैसा, मते, सर्व शक्ती विरुद्ध असताना अवघ्या अडीच वर्षांत त्याच विदर्भात लाखो लोकांनी धर्म बदलला. नुसत्या गिरणीच्या हिशोबात हे बसत नाही.

विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांची आणखी एक गोष्ट अभ्यासावी. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते स्पष्ट सांगतात की, जेथे पुराव्याचा दुवा तुटतो तेथे आपण तर्काने तो जोडला आहे. आणि १९४६ चा 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. फुल्यांचा सारा इतिहास बाहेरून आलेल्या आर्यांच्या स्वारीवर उभा होता. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी तो स्वारीचा सिद्धांत वेदांतील उल्लेख तपासून नाकारला.